३० जूननंतर काय?

जालना शहराजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. मराठवाडा शेती साह्य मंडळ ही संस्था हे केंद्र चालवते, आणि कृषिविज्ञान मंडळाच्या नावानं भरणारा हा मेळा दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. संस्थेचे विजयअण्णा बोराडे यांनी घालून दिलेली ही शिस्त. विषय हंगामाला धरून असतात: पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि बीजप्रक्रिया, पावसाळ्यात कपाशीवरची कीड, थंडीत मोसंबीचा आंबे बहार, उन्हाळ्यात शेततळ्यातलं पाणी कसं पुरवायचं. शेतकरी येतो, शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतो, शेजारच्या गावच्या शेतकऱ्यानं काय केलं ते ऐकतो आणि संध्याकाळच्या आत घरी परततो. आलेला माणूस काहीतरी घेऊन जातो, म्हणून पुढच्या पाच तारखेला पुन्हा येतो.

शहरातल्या सेवाभावी क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनी हे चर्चासत्र एकदा जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. कारण त्यांची सगळ्यात मोठी अडचण नेमकी हजेरीची आहे. सभासद आहेत, पण येत नाहीत. वर्गणी भरतात, पण काम करत नाहीत. पदग्रहणाला सहकुटुंब हजर असतात आणि शिबिराच्या दिवशी त्यांचा फोन लागत नाही.

रोटरी, लायन्स, जेसीज ही नावं जालन्याला नवी नाहीत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन मित्रांना बोलावून पहिली बैठक घेतली, त्यातून रोटरी उभी राहिली. १९१७ मध्ये त्याच शहरातल्या मेल्विन जोन्स यांच्या पुढाकारानं लायन्स आली. भारतातला लायन्सचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याच्या गावी हे क्लब पोचले. रोटरीत पूर्वीपासून एक पद्धत आहे: वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं एकत्र आणायची, एकाच धंद्याची गर्दी होऊ द्यायची नाही. जालन्यासारख्या गावात या पद्धतीला फार अर्थ आहे. इथं बियाण्याच्या कंपन्या आहेत, लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, नव्या मोंढ्यात आडत आहे, जिनिंग आहे, डाळ मिल आहेत. एका टेबलाभोवती बियाणेवाला, रोलिंग मिलवाला, आडत्या, डॉक्टर, वकील, सीए आणि प्राध्यापक बसले तर जिल्ह्यातलं क्वचितच एखादं काम असं असेल की ज्याची माहिती त्या टेबलावर कुणालाच नाही. पोकलेन कुणाकडे आहे, कोणत्या गावचा सरपंच ऐकणारा आहे, कोणत्या औषधाची खरेदी कुठून स्वस्त पडते, हे सगळं तिथं बसलेलं असतं.

मग अडतं कुठं?

माझ्या मते पहिली अडचण कॅलेंडरची आहे. रोटरी आणि लायन्स या दोघांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जालना जिल्ह्यात जूनचा मध्य ते जुलै हा पेरणीचा काळ. बियाणं आणि खतांच्या दुकानदाराला तेव्हा जेवायला फुरसत नसते. पाऊस लांबला तर दुबार पेरणीची धास्ती, मोंढ्यात उधारीचे हिशेब, डॉक्टरांकडे तापाचे पेशंट, सीएकडे विवरणपत्रांची घाई. त्याच वेळी नव्या अध्यक्षाचा उत्साह शिगेला पोचलेला असतो. पदग्रहण होतं, पिन लागतात, वर्षभराच्या पंचवीस उपक्रमांची यादी वाचली जाते. दिवाळी ते होळी हा कामाचा खरा हंगाम येतो तोवर त्या उत्साहाचा अर्धा भाग सत्कारात खर्च झालेला असतो. एप्रिलपासून लोक पुढच्या अध्यक्षाकडे बघू लागतात. म्हणजे बारा महिन्यांचा अध्यक्ष प्रत्यक्षात चार-पाच महिन्यांचाच असतो.

जुलैत लावलेल्या झाडांचं यामुळे काय होतं, ते या भागात कुणाला सांगायला नको. जिल्ह्याचा पाऊस सरासरीनं सहा-सातशे मिलिमीटरचा, तोही लहरी. रोप जुलैत लावणं सोपं असतं. ते पुढच्या मार्च ते जूनमध्ये जगवायला आठवड्याला टँकर, कुंपण आणि एक जबाबदार माणूस लागतो. ते महिने उतरत्या अध्यक्षाचे असतात आणि नवा अध्यक्ष नव्या खड्ड्यांची जागा शोधत असतो. शंभर झाडं लावणाऱ्या क्लबपेक्षा दहा झाडं तीन वर्षं जगवणाऱ्या क्लबला पुरस्कार मिळायला हवा, आणि तो प्रांतपालांनी द्यायला हवा.

वर्ष संपलं तरी न संपणारं काम म्हणजे काय, याचं जालन्यातलं उदाहरण घाणेवाडीचं आहे. कुंडलिका नदीवरचा घाणेवाडी तलाव निजामकाळातला. संत गाडगेबाबा जलाशय हे त्याचं आजचं नाव. नव्या जालन्याला त्यातून पाणी मिळतं, आणि पंपाशिवाय, नुसत्या उतारानं ते शहरापर्यंत येतं ही त्या काळच्या बांधणीची मोठी देणगी. पण पाणलोटातली काळी माती वर्षानुवर्षं तलावात येऊन बसली, साठवण घटत गेली आणि शहर तहानलेलं राहिलं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा जळाल्या, शहरात नळाच्या पाण्याची वाट पाहत दिवसामागून दिवस गेले, टँकरची वाट पाहणं हेच घरातलं मुख्य काम झालं. त्या दुष्काळाच्या आधीपासून आणि नंतरही घाणेवाडी जलसंरक्षण मंच हा नागरिकांचा गट गाळ काढण्याच्या मागे लागला होता. रमेशभाई पटेल यांच्यासारखे उद्योग-व्यापारातले लोक त्यात पुढे होते.

गाळ काढणं ऐकायला साधं वाटतं, पण त्याची व्यवस्था बघण्यासारखी असते. उन्हाळ्यात पाणी आटलं की पोकलेन तलावात उतरवायची. तिचं भाडं आणि डिझेल देणगीतून. गाळ उचलून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा: तो ट्रॅक्टर किंवा टिप्पर आणतो आणि आपल्या हलक्या, मुरमाड रानात गाळ पसरतो. दोघांचाही फायदा, म्हणून दोघंही टिकतात. मे महिन्याच्या उन्हात रोज सकाळी कुणीतरी तिथं हजर असावं लागतं. किती खेपा गेल्या याची वही लिहायची, डिझेलची पावती सांभाळायची, दोन ट्रॅक्टरवाल्यांचं नंबरावरून भांडण झालं तर सोडवायचं, पहिला पाऊस पडायच्या आत मशीन बाहेर काढायचं. या वहीवाल्याला हार घालायला कुणी येत नाही, पण तो नसला तर चार दिवसांत काम बंद पडतं. मंचानं पुढं घाणेवाडीच्या खाली, निधोन्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या पात्रात शिरपूर पद्धतीचे, म्हणजे पात्र खोल-रुंद करून घालायचे, बंधारे घेण्याचं कामही हाती घेतलं. राज्य सरकारनं २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिच्यातही खर्चाची वाटणी साधारण अशीच होती: यंत्राचं इंधन एकाचं, वाहतूक शेतकऱ्याची.

या कामात सभासद टिकला कसा? प्रत्येकाला त्याचा वाटा दिसत होता. दिलेल्या पैशातून किती तास मशीन चाललं हे वहीत होतं, निघालेला गाळ शेतात दिसत होता आणि पाऊस झाल्यावर तलावात चढलेलं पाणी साऱ्या शहराला दिसत होतं. शिवाय गाळ एका उन्हाळ्यात संपत नाही. त्यामुळे दरवर्षी नवा उपक्रम शोधण्याची धडपडच उरत नाही.

डोळ्यांच्या शिबिराचंही असंच. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक क्लबनं कधी ना कधी नेत्रशिबिर घेतलेलं असतं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हा लायन्सचा आपला विषय झाला. जालन्याचं भाग्य असं की इथं श्री गणपती नेत्रालय आहे. बियाणे उद्योगातले बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेला, १९६४ मध्ये महिको सुरू केलेला आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवलेला हा माणूस. आपल्या गावच्या माणसाला डोळ्यांसाठी मुंबई-मद्रासला जावं लागू नये, ही सोय त्यांच्यामुळे झाली. म्हणजे इथल्या क्लबला डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह शोधायचं नसतं. त्याला रुग्ण नीट आणायचा आणि नीट परत पोचवायचा असतो. इतकंच काम, आणि तेच सर्वांत अवघड.

एखाद्या शिबिराचा दिवस जवळून बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. भिंतीवर सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फक्त बोटांची दिशा दाखवायची खूण. बॅटरीच्या उजेडात डोळा बघितला जातो, मोतीबिंदू पिकलेला असला की कार्डावर शिक्का पडतो, मग रक्तदाब, लघवी, साखर. ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांची यादी दुपारपर्यंत तयार होते. त्यानंतर जे घडतं त्यावर शिबिराचं यश ठरतं. यादीतले सगळेच गाडीत बसत नाहीत. एका आजीला शेळ्या कुणाकडे सोडायच्या हा प्रश्न असतो. एका बाबांचा मुलगा ऊसतोडीला गेलेला असतो आणि सुनेनं हो म्हटल्याशिवाय ते निघायला तयार नसतात. कुणाला वाटतं ऑपरेशन थंडीतच करावं, कुणाला शेजाऱ्याचा डोळा गेल्याची ऐकीव गोष्ट आठवते. “आजी, मी येतो ना तुमच्यासोबत, रात्री तिथंच थांबतो,” असं म्हणणारा सभासद त्या व्हरांड्यात असेल तर आजी गाडीत बसते. फोटो काढून गेलेला सभासद हे करू शकत नाही.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, काळा चष्मा मिळतो, थेंबांची बाटली हातात दिली जाते, आणि गाडी गावी परतते. पुढचे काही आठवडे थेंब वेळेवर पडतात का, डोळा चोळला जातो का, शेणाचे हात लागतात का, पुन्हा तपासणीला माणूस येतो का, हे बघणारं कुणीतरी हवं. एका सभासदाकडे पाच रुग्ण, एवढी साधी वाटणी पुरते. आठवड्यातून एकदा फोन, महिन्यानं एक भेट. ज्या सभासदानं अशी पाच माणसं सांभाळली त्याला बैठकीला या म्हणून निरोप धाडावा लागत नाही. तो स्वतःच सांगायला येतो की मंठ्याच्या आजी आता सुईत दोरा ओवतात.

पोलिओचं काम हा याच पद्धतीचा सर्वांत मोठा पुरावा. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. जवळजवळ तीस वर्षं. म्हणजे प्रत्येक क्लबात सुमारे तीस अध्यक्ष आले आणि गेले, पण काम बदललं नाही. बर्फाच्या डब्यातली लस, बाटलीवरच्या वर्तुळातला चौकोन उष्णतेनं गडद तर झाला नाही ना याची खात्री, बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. बसस्थानकावर, वीटभट्टीवर, ऊसतोड कामगारांच्या कोपीवर जाऊन राहिलेली मुलं शोधायची. खरं ओझं आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्यसेविकांनी उचललं, हे आधी सांगायला हवं. क्लबांनी पैसा, गाड्या, माणसं आणि चिकाटी पुरवली. एखाद्या अध्यक्षानं ‘हा जुना उपक्रम झाला, आता नवं काहीतरी करू’ म्हटलं असतं तर साखळी तुटली असती.

या जिल्ह्याला माणसं कामाला लावण्याची विद्या बाहेरून शिकायची गरजच नाही. गावोगावचे हरिनाम सप्ताह बघा. कोण कीर्तनकार आणणार, कोण मांडव घालणार, कोणत्या गल्लीच्या भाकरी कोणत्या दिवशी, वाढायला कोण, उष्टी कोण काढणार, पहाटे काकड्याला कोण उठणार, सगळं ठरलेलं. सप्ताहाला सभासदाची नोंदणी नसते, तरी सात दिवस शेकडो पंगती उठतात, कारण ज्याला टाळ धरता येत नाही त्यालाही पाण्याची बादली धरता येते. क्लबात उलट होतं. नव्या सभासदाला पिन लागते, टाळ्या होतात आणि त्यानंतर त्याला पहिलं काम काय द्यायचं हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. चार बैठका तो मागच्या रांगेत बसतो, पाचव्या बैठकीला त्याचा धंदा आडवा येतो. ज्यानं त्याला क्लबात आणलं त्यानं पहिल्या महिन्यात त्याच्या हातात एखादं लहान, पूर्ण होणारं काम द्यायला हवं. आडत्या असेल तर धान्य जमवण्याचं, प्राध्यापक असेल तर एका वसतिगृहाच्या मुलांच्या अभ्यासाचं. बैठकीत काय झालं हे ऐकवण्यापेक्षा त्याला त्याच्या कामाबद्दल बोलायला लावावं.

बायकांचा प्रश्नही इथंच येतो. रोटरीचे दरवाजे स्त्रियांना उघडले ते १९८७ च्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, आणि नियम बदलला १९८९ मध्ये. त्याआधी १९२४ पासून रोटेरियनांच्या पत्नींचा इनरव्हील होता. आजही अनेक गावांत क्लबातल्या बाईला स्वागतगीत, रांगोळी आणि हळदीकुंकवापलीकडे काम मिळत नाही, आणि बचत गटांच्या महिलांचे हिशेब तीच बाई घरी बसून बिनचूक तपासत असते. कोषाध्यक्षपद तिला द्या. तरुणांचंही तसंच. जेसीजमध्ये चाळिशीला निवृत्ती असते, रोटरॅक्ट १९६८ पासून आहे, पण मोठ्या क्लबनं तरुणांना खुर्च्या लावायला बोलवलं की ते दुसऱ्या वर्षी येत नाहीत.

पैशाबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. सभासद गळतो त्याच्या मागं पुष्कळदा हिशेबाचं मौन असतं. वर्गणीतला मोठा भाग आंतरराष्ट्रीय आणि प्रांतीय संस्थेला जातो, काही बैठकांच्या जेवणाला, आणि सेवेसाठी जे जमतं ते वेगळं. लायन्सचा नियम स्पष्ट आहे: लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा क्लबच्या प्रशासनावर खर्च करता येत नाही. दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. अनेक क्लबांच्या इमारती, सभागृहं, रुग्णवाहिका ट्रस्टच्या नावावर असतात, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो. पंधरा वर्षांनी एखादी देणगी किंवा अनुदान घ्यायची वेळ येते तेव्हा कागदावर दिवंगत विश्वस्तांची नावं असतात, आणि चांगली मालमत्ता अडकून पडते. हिशेब तीन महिन्यांतून एकदा, एका पानावर, सर्वांसमोर वाचला तर यातलं बरंच टळेल. प्रामाणिक माणसालाही हिशेब सांगावा लागतो, त्यात त्याचा अपमान नसतो.

सभासद टिकवण्याचा विषय निघाला की कडवंचीची गोष्ट मी नेहमी सांगतो. जालना तालुक्यातलं हे गाव आज द्राक्षांसाठी ओळखलं जातं. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथं काम झालं. त्यालाही मराठवाडा शेती साह्य मंडळाचा आधार होता. त्या कार्यक्रमात शिरायचं तर गावाला आधी श्रमदान करावं लागे, मोकाट चराई आणि झाडतोड बंद करावी लागे. म्हणजे आत येण्याचं मोल घामाचं होतं. बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरलं, पुढं शेततळी आली, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात आजूबाजूला बागा वाळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. ज्यानं दगड उचलला तो बांध फुटू देत नाही. क्लबच्या प्रवेशालाही वर्गणीबरोबर काही तासांच्या श्रमाची अट घातली तर सभासदसंख्या कमी होईल हे मला मान्य आहे. होऊ द्यावी. वीस राबणारी माणसं साठ नावांपेक्षा अधिक काम करतात, आणि त्यांना बघून जे पुढं येतात ते टिकतात.

दिवाळी झाली की क्लबांमध्ये पुढच्या अध्यक्षाची चर्चा सुरू होते. रोटरीत पदाधिकाऱ्यांची निवड डिसेंबर संपायच्या आत करायची असते. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठलाही क्लब असो, ज्याचं नाव ठरेल त्यानं नवी यादी करण्याआधी मागच्या तीन अध्यक्षांच्या घरी जावं आणि तुमचं कोणतं काम अर्धवट राहिलं हे विचारावं. त्यातलं एकच निवडावं आणि आपल्यानंतरच्या अध्यक्षाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. पदग्रहणाचा समारंभ जुलैत साध्या चहावर उरकावा. वाचलेल्या पैशाचं डिझेल मे महिन्यात एखाद्या तलावावर लागेल.